बेरीज शंभर

भिलाईजवळच्या हथखोजमधल्या एका कारखान्यात हेडक्लार्क असलेल्या नरहरी देवपुजारींना दुसऱ्यांना कोड्यात पाडण्याची भारी हौस. त्या वर्षी भिलाईच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी माइकवरून कोडे घातले: एक ते नऊ हे आकडे एकेकदाच वापरा, हवे तर दोन आकडे जोडून एक संख्या करा, नुसती बेरीज करा आणि शंभर आणा. कोडे त्यांनी एका मासिकात वाचले होते. त्यात वजाबाकीचीही परवानगी होती, पण असल्या क्षुल्लक गोष्टी थोर माणसे लक्षात ठेवत नाहीत. उत्तरही त्यांनी पाहिले नव्हते. सोपेच असणार!

दोन-तीन दिवसांत मांडवात आरतीपेक्षा बेरजांचा आवाज मोठा झाला. मंडळाचा नैवेद्य रांधणाऱ्या सिंधुताईंचे वरण करपले. नागपूरहून आलेले कीर्तनकार आख्यान मध्येच थांबवून बोटे मोजू लागले. ज्याला त्याला नव्याण्णव येई, नाही तर एकशे आठ. नरहरी मात्र सगळ्यांना डोके लावायला सांगत ऐटीत हिंडत होते. शेवटी लोक चिडले, तेव्हा उद्या आरतीनंतर उत्तर सांगतो असे कबूल करून ते घरी आले आणि पहिल्यांदाच स्वतः पेन्सिल घेऊन बसले.

त्यांची बी.एस्सी. झालेली बायको वसुंधरा भाजी निवडत होती. ती म्हणाली, "कावून जीव काढून राहिले? सगळ्या आकड्यांची बेरीज पंचेचाळीस. कसेही जोडा, नऊच्या पाढ्यातलंच येते. शंभर आहे का नऊच्या पाढ्यात?"

"हे आधी कावून नाही सांगितलं मले?"

"तुम्ही सगळ्यांले डोकं लावा म्हणून राहिले होते. म्हटलं, पाहू कोणाचं लागते."

दुसऱ्या दिवशी आरती झाली. नरहरी माइकसमोर उभे राहिले, तोच पुढच्या रांगेतून त्यांच्याच कारखान्याचे मॅनेजर मारोतराव उठले. उत्तर आपल्याला सापडले, असे सांगून त्यांनी खणखणीत आवाजात ते वाचले: नऊ, आठ, सात, सहा, पाच, त्रेचाळीस, एकवीस. एकूण शंभर.

नरहरींनी मनात बेरीज केली. नव्याण्णव. मग त्यांनी मारोतरावांकडे पाहिले आणि पुन्हा बेरीज केली नाही.

"बरोबर," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांची बेरीज तपासण्याची पद्धत तिथे नव्हती.

प्रसाद वाटला जात असताना मारोतरावांनी नरहरींना बाजूला घेतले. "एक कमी पडत होता, मले माहीत होतं. तुम्ही बोलता का, तेच पाहून राहिलो होतो."

नरहरींचा मोदक हातातच राहिला.

"घाबरू नका," मारोतराव मायेने म्हणाले. "सोमवारपासून भोपाळच्या हेड ऑफिसले उत्पादनाचे आकडे तुम्हीच पाठवायचे. असा माणूस मी केव्हाचा शोधून राहिलो होतो."