कापलेले दोन आणे

माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याच्या पंगतीतून उठता उठता किसनमामांनी निकाल दिला, "साडेदहा आणे. वरण चांगलं होतं. बुंदीचं तूप जुनं हाय." माझी बायको शेजारीच डोळे पुसत उभी होती. तिने पुसायचं थांबवून आधी बुंदीच्या परातीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. तूप मी आणलं होतं.

सोळापैकी साडेदहा, असा तो हिशेब. आणे चलनातून कधीच गेले, किसनमामांकडे मात्र अजून चालतात. एसटीतून उतरताना ते ड्रायव्हरला आणे सांगतात. डॉक्टरने इंजेक्शन दिलं की म्हणतात, "बारा आणे. हात हलका हाय, सुई बोथट." नवी नवरी, कीर्तनकार, सरपंचाचं भाषण, कोणीही त्यातून सुटत नाही. आणि टोमणा सोडला तर सोळा आणे त्यांनी आजवर कोणालाही दिलेले नाहीत.

सगळ्या पंचक्रोशीचे हे मामा जातिवंत गुळव्या. कळमनुरी तालुक्यात त्यांचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस काहिलीत रटरटत असताना हा माणूस तिच्याकडे पाठ करून तंबाखू मळत बसायचा आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा, "उतरवा आता." पाक अर्धा मिनिट पुढे-मागे झालेला कधी कोणी पाहिला नाही. पुढे ऊस साखर कारखान्याला जाऊ लागला आणि गुऱ्हाळ बंद पडलं. आता ती भलीमोठी लोखंडी काहील शेतात पालथी पडलेली असते आणि तिच्याखाली मामांच्या कोंबड्या अंडी घालतात.

माझं आणि त्यांचं भांडण जुनं आहे. वारंगा फाट्यावर माझं गुळाचं दुकान. सायकलवर ढेपा बांधून गावोगाव हिंडलो, तेव्हा ते उभं राहिलं. अकरा वर्षांपूर्वी नांदेडचं एक मोठं गिऱ्हाईक मी भावात पटवत आणलं होतं. मामा आले, ढेपेचा खडा जिभेवर ठेवला आणि म्हणाले, "रंग सोळा आणे. गूळ नऊ." गिऱ्हाईक गेलं. गूळ पिवळा दिसावा म्हणून पावडर सगळेच घालतात; माझ्या हातून त्या खेपेला जरा जास्त पडली होती, एवढंच. तेव्हापासून दर बुधवारी मी त्यांच्या शेतावर जातो आणि ते सात आणे काहून कापले, यावर त्यांच्याशी भांडतो. ते चहा करतात. चहा बरा असतो, पण तसं मी कधी कबूल केलेलं नाही.

मामांना एकच मुलगा, गजानन. परभणीला शिकत होता तेव्हाची गोष्ट. सुटीत घरी आला आणि नेमका मामांना ताप. गजूने एकट्याने काहील चढवली, एकट्याने उतरवली. मामा घोंगडी पांघरून आले, चाखलं आणि पंधरा माणसांसमोर म्हणाले, "सहा आणे. तळ लागला." तो सगळा गूळ त्यांनी बैलांना घातला. गजू दुसऱ्या दिवशी गेला. पुढे स्कॉटलंडला शिकायला गेला आणि तिथेच एका बिअरच्या कारखान्यात लागला. मामी वारल्या तेव्हा येऊन गेला, पण बापलेकांचं बोलणं झालं नाही. दिवाळीला फोन करतो. पाऊस झाला का, झाला. थंडी हाय का, हाय. संपलं.

या माघात गजूच्या एका दोस्ताने मोज्यांत गुंडाळलेली एक बाटली माझ्या दुकानात आणून दिली. पाठोपाठ गजूचा फोन. "काका, ही स्कॉच एल हाय. इकडची जुनी, कडक बिअर. उकळण्यापासून सगळी मी एकट्यानं केली. बाबाला चाखायला द्या. माझी हाय म्हणून सांगू नका. सोळा आणे दिले तर उन्हाळ्यात घरी येतो."

"आन न्हाई दिले तर?"

"मग कोणत्या तोंडानं येऊ?"

मी म्हणालो, सोळा माझ्याकडे लागले. उभा जन्म भाव करण्यात गेलेला माणूस आहे मी.

बुधवारी बाटली फ्रीजमध्ये गार करून नेली. मामांनी हात लावला आणि ती उचलून उन्हात ठेवली. "गारठ्यानं वास मरतो, दत्तराव. गुळाच्या धंद्यात असून तुमाला कळंना?" मामांनी जन्मात दारूला शिवलेलं नाही. मी आधीच सांगितलं, बिअर आहे. ते म्हणाले, "प्यायची कोणाला हाय? चाखायची हाय."

अर्ध्या तासाने स्टीलच्या पेल्यात ओतली. काकवीसारखी काळसर लाल, वर बदामी फेस. मामांनी गुळाच्या पाकासारखे दोन थेंब चिमटीत धरून तार येते का पाहिलं. एक थेंब पाण्याच्या वाटीत सोडला. पेला कानाशी नेऊन फेसाचा आवाज ऐकला. मग वास घेतला आणि बराच वेळ घेतच राहिले. शेवटी एक घोट तोंडात घोळवून गिळला.

"धान्य भिजवून, मोड आणून भाजलंय. मंग पाणी लई आटवलंय. गोडी वरवरची न्हाई, आटून आलेली हाय. मागून कडू येतं, गिळलं की पोटात ऊब." दुसरा घोट. "आन तळ लागलाय." पेला उजेडात धरला. "पर या बारीला लावलाय. बराबर जिथं पायजे तिथं."

'या बारीला' म्हणाले तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण माझं लक्ष आण्यांवर.

"किती?"

"चौदा."

चौदा हा जिल्ह्यातला विक्रम होता. तरी मी भाव सुरू केला. साडेचौदा करा. न्हाई. पंधरा म्हणा, पुढचं पुढं बघू. न्हाई. मी उठून चपला घातल्या. गिऱ्हाईक हाक मारतं म्हणून मी नेहमी असा उठतो. मामांनी हाक मारली नाही. मग माझं डोकं सरकलं.

"मामा, तुमच्या पोरानं केलीय ती. सोळा म्हणालात तर घरी येतो म्हणला. दोन आण्यांसाठी पोरगं घालवता?"

मामा पेल्यात बघत म्हणाले, "त्याचीच हाय, पहिल्या घोटाला कळलं. तळ त्याचाच हाय."

"मंग द्या की सोळा."

"बसा." मी बसलो. "सहा दिले तवा चूक झाली, दत्तराव. तळ जरासाच लागला हुता. तापात होतो, रागात होतो. गूळ धा आण्याचा हुता. आता सोळा दिले तर खूश होईल, उन्हाळ्यात येईल, चार दिवस राहील आन जाईल. मंग पुन्हा काहून यायचं त्यानं? इचारायला काय उरतं?" त्यांनी तिसरा घोट घेतला. चाखून कधीच झालं होतं. "तुमालाच बघा ना. नऊ दिले म्हणून अकरा वर्षं येऊन राहिले. सोळा दिले असते तर आले असते का?"

मी बाटली तिथेच ठेवून उठलो, या खेपेला खरंच जायला.

घरी आल्यावर गजूला फोन केला. चौदा सांगितले. तो तापला, थेट माझ्यासारखा. "दोन काहून कापले?"

"मला काय इचारतो? सहा दिले ते चुकलं, धा आण्याचा हुता, असंबी म्हणले. येऊन भांड त्यांच्याशी."

मग म्हणाला, "चैतात ऊस मिळंल का काका, थोडा?"

पुढच्या बुधवारी शेतावर गेलो तर कोंबड्या अंगणात बेघर होऊन फिरत होत्या. काहील उताणी होती आणि मामा आत बसून राखेने गंज घासत होते.

"गजूचा फोन आला हुता का?"

"काहून? लोखंडाला गंज चढतो, घासावं लागतं."

देवळीत बाटली होती. तिच्या तोंडात मक्याच्या कणसाचा बुरकुंडा बूच म्हणून मारलेला, आत अजून दोन बोटं उरलेली.

मी बाह्या वर केल्या, काहिलीत उतरलो आणि दुसऱ्या बाजूने घासायला लागलो. घासता घासता माझ्या सात आण्यांचा विषय काढला.