किटलीवाला नंबर

सुशीलाबाई वारली त्याला तीन महिने झाले होते आणि तिचा फोन अजून उघडत नव्हता. मनिराम रोज सकाळी तो चार्जिंगला लावी. भरला की काढून देवळीत ठेवी. बॅटरी जुनी होती, दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरलेली असे. तो पुन्हा लावी.

सून हर्षा एकदा म्हणाली, "मामाजी, जो फोन कोणी वापरतच नाई, त्याले कायले चारून राहिले जी?"

"बैल बांधून असला तरी चारा लागतेच," मनिराम म्हणाला.

त्या फोनमध्ये सुशीलाबाईचा आवाज होता. गावात सगळ्यांना ते माहीत होते. दवनीवाड्याच्या पुढचे ते लहान गाव, सगळीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे. रोवणी करणाऱ्या, म्हणजे भाताची रोपे लावणाऱ्या, बावीस बायांची टोळी सुशीलाबाईच्या हाताखाली होती. आषाढ लागला की कोणाच्या बांधीत कोणत्या दिवशी रोवणी, हे तीच ठरवी. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतवाले आज एक बोलत, उद्या दुसरे. म्हणून तिने मुलाकडून, भूपेंद्रकडून, फोनमध्ये अशी सोय करून घेतली होती की आलेला-गेलेला प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड व्हावा.

"कोणी पलटला का त्याचाच आवाज त्याले ऐकवीन," ती म्हणे. आणि ऐकवीतही असे.

मनिरामच्या फोनमध्ये मात्र तिचा एक शब्द नव्हता. अडतीस वर्षे एका घरात राहिलेल्या माणसाला फोन कोण करतो? फोटो होते, पण फोटो बोलत नाहीत. माघात एका सकाळी त्याच्या लक्षात आले, की ती काय काय बोलायची ते सगळे आठवते, पण आवाज आठवत नाही. त्याने डोळे मिटून पाहिले. शब्द आले, आवाज आला नाही. तो घाबरला. त्याच दिवशी फोन रुमालात गुंडाळून तो गोंदियाला गेला.

बाजारात रुची नावाच्या बाईचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान होते. तिने फोन उलटापालटा करून पाहिला.

"काकाजी, पैटर्न लॉक है. नौ बिंदी. उंगली कैसे फिराती थी काकी, याद है?"

"बोट फिरवे. पण मी कधी पाह्यलं नाई."

"तो रिसेट मारना पडेगा. फोन खुल जायेगा, लेकिन अंदर का सब साफ."

"अंदरचंच तर पाह्यजे बाई. फोन घेऊन का करू?"

रुचीने नऊ ठिपके त्याच्यासमोर धरले. तीन ओळी, प्रत्येकीत तीन. मनिराम बराच वेळ पाहत राहिला. त्याला ते ठिपके धानाच्या चुड्यांसारखे, चिखलात रोवलेल्या रोपांच्या जुड्यांसारखे दिसले. टोळीच्या मुखियाने आणखी काय काढले असेल? त्याने बोट खालच्या ओळीवर ठेवले आणि डावीकडून उजवीकडे, वर, पुन्हा डावीकडे, असे नेले. फोन थरथरला. चुकले.

दुकानात गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्यामधून मनिराम वाट काढत मोकळ्या जागी गेला आणि कमरेत वाकला. हातात रोपे आहेत असे धरून त्याने एक ओळ रोवली.

"काकाजी, तबियत ठीक है ना?"

"थांब बाई. नांगर पुढे जाते. मी नांगरणाऱ्यासारखं केलं, तिथं चुकलं. रोवणारी बाई मांगं मांगं सरकते."

तो परत आला. वरची ओळ डावीकडून उजवीकडे. एक पाऊल मागे, म्हणजे खाली. मधली ओळ उजवीकडून डावीकडे. पुन्हा खाली, पुन्हा डावीकडून उजवीकडे. फोन उघडला.

एका गिऱ्हाइकाने टाळी वाजवली. मनिराम स्टुलावर बसला.

आत दोनशे अकरा रेकॉर्डिंग निघाली. रुचीने एक लावायला बोट उचलले तर मनिराम म्हणाला, "इथं नको. घरी ऐकीन. माझ्या फोनवर पाठवून दे सगळं. हा फोन बुढा आहे, कवा मरेल भरवसा नाई."

"इसमें आप कौन? नाम तो एक का भी नहीं है."

ते खरे होते. सुशीलाबाईला अक्षर येत नसल्यामुळे प्रत्येकाच्या जागी फोटो होता. कोणाचा बैल, कोणाचे दार, कोणाची चक्की. मनिरामने चष्मा सारखा करून पाहिले आणि त्याचा चेहरा खुलला. एका गोल चित्रात तो स्वतः हिरव्यागार बांधीत, डोक्याला दुपट्टा बांधून उभा होता.

"हा का. मीच तर आहो."

रुचीने फोटो पाहिला, माणूस पाहिला, आणि एका घासाला तीस, अशी सगळी रेकॉर्डिंग पाठवून दिली. तोपर्यंत मनिराम समोरच्या टपरीवर चहा पिऊन आला.

"गेले का?"

"सब चले गये काकाजी."

तिने खोटे सांगितले नव्हते. बसमध्ये त्याने स्वतःचा फोन काढला, तर त्यात काही आले नव्हते. रेंज नसेल, असे समजून त्याने तो खिशात ठेवला.

गावाच्या फाट्यावर उतरून तो टिकारामच्या घरावरून चालला होता, तर आतून सुशीलाबाई बोलली.

"टिकारामले म्हणा सोमवारी येतो. दुधरामलेबी सोमवारच सांगतला. ज्याच्या घरचा चहा चांगला, त्याची रोवणी पह्यले."

मनिराम रस्त्यातच थांबला. हाच आवाज. थोडा बसलेला, शेवटचा शब्द ओढणारा. त्याने अंगणाच्या फाटकाला हात लावला. त्याला कोणीतरी पाहिले आणि आवाज एकदम बंद झाला. टिकाराम बाहेर आला.

"का गा मनिराम, बाई मेल्यावर बदला घेऊन राहिला का? तीन वर्षं माझी रोवणी मांगं पडली ते चहासाठी?"

मग कळले. तो गोल फोटो मनिरामचा होता खरा, पण तो मनिरामचा नंबर नव्हता. रोवणीच्या टोळीचा ग्रुप होता. फोटो काढताना बांधीत मागे मनिराम उभा होता, एवढेच. ग्रुपमध्ये टोळीच्या बाया होत्या, सगळे शेतवाले होते, आणि हर्षाही होती. ग्रुपला नाव नव्हते, नावाच्या जागी धानाच्या लोंबीचे बारीक चित्र होते. एकटा मनिरामच त्यात नव्हता.

घरी हर्षा चुलीसमोर पाठ करून बसली होती.

"मामाजी, माझ्या वरणात दाळ पोहाले शिकते म्हणे. त्यांच्या बहिणीले सांगत होत्या. मी त्यांचं हगणंमुतणं काढलं जी, अन् त्या असं सांगत होत्या."

"ते आजाराच्या आधीचं असंल बाई."

"तारीख आहे ना त्याच्यावर!"

भूपेंद्रचा रायपूरहून फोन आला. "बाबा, तुमी का करून ठेवलं हे? मी आईले कधी फोन केला, का बोललो, हर्षाबद्दल का बोललो, सारं गाव ऐकून राहिलं. अन् हर्षाबी." मनिरामने फोन हर्षाकडे दिला. तिने तो घेतला नाही.

संध्याकाळपर्यंत लोक येत राहिले. कोणी भांडायला, कोणी आपल्याबद्दल काही निघाले नाही याची खात्री करायला. ज्यांच्याबद्दल काहीच निघाले नाही, तेही थोडे नाराज दिसले. टोळीतल्या मंगलीची सासू तर म्हणाली, "माझं नावच नाई निघालं बाप्पा. मी का एवढी वाया गेली?"

शेवटी पतिराम आला. टोळीतल्या दुर्गाचा नवरा. तो भांडला नाही. ओट्यावर बसून त्याने चपला काढल्या.

"दुर्गाच्या छातीत गाठ आहे," तो म्हणाला. "मले मालूम नव्हतं. तुमच्या बाईले मालूम होतं. आषाढातला फोन आहे. दुर्गा म्हणते, रोवणा होऊ दे, मंग घरी सांगीन."

"अन् माझी बाई का म्हणाली तिले?"

पतिराम मान वर न करता बोलला. "म्हणाली, माझ्याबी पोटात वैशाखापासून दुखते, मी का सांगतलं घरी? रोवणा झाल्यावर पाहू दोघी." त्याने चपला पायात सरकवल्या. "दुर्गाले उद्या दवाखान्यात नेऊन राहिलो. तुमाले मालूम होतं का, एवढंच इचाराले आलो."

"नाई," मनिराम म्हणाला.

सुशीलाबाईच्या वेळी डॉक्टर म्हणाला होता, चार महिने आधी आणायला पाहिजे होते. तेरवीत भेटलेल्या प्रत्येकाला मनिरामने सांगितले होते, आमाले कळलंच नाई. आता त्याला दिसले, की त्यातला 'आमाले' चुकीचा होता.

पतिराम गेला आणि दुधराम आला. बारा एकरांचा मालक, फोनमध्ये हुशार.

"मनिराम, आता बाया रडून राहिल्या गावात. दुर्गाचं जे झालं ते उद्या आणखी कोणाचं होईल. फोन दे. दोन मिनिटांत साफ करतो."

मनिरामने फोन दिला. पॅटर्नही काढून दाखवला, मागे मागे सरकत. दुधराम अर्धा तास बोट चालवत होता. सोमवारचा चहा त्याच्याही घरचा होता, ते रेकॉर्डिंग त्याने पहिले काढले. मध्येच तो हसला.

"तुझा नंबर हा पाह्य. किटलीचा फोटो आहे."

"किटली?"

आतून हर्षा बोलली. तो गोंदियाहून आल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज नेहमीसारखा आला. "मीच लावला जी. मी म्हटलं, मामाजीचा फोटो लावू का, तुमी नाव तर घेत नाई. तर म्हणाल्या, तोंड तर रोजच पाह्यतो. किटली लाव."

दुधरामने फोन परत दिला. "झालं. सगळ्यांच्या फोनातून काढलं. अन् याच्या पोटातूनबी मुळापासून काढलं. आता कोणाच्या बापाले भेटत नाई."

"याच्यातूनबी?"

"मंग? मूळ ठेवून झाड कापते का कोणी?"

"माझ्यासाठी एखादं ठेवाचं होतं ना गा."

"तुले कायले पाह्यजे? तुझ्या घरचीच तर बाई होती."

मनिरामने दोनशे अकरातले एकही ऐकले नव्हते. फाटकाबाहेर उभे राहून ऐकलेली तेवढी तीन वाक्ये. तीही टिकारामच्या चहाची.

त्यानंतर चार दिवस तो फोन चार्जिंगला लावला गेला नाही. पाचव्या दिवशी हर्षा वरण वाढताना म्हणाली, "मामाजी, सुमित्राबाईजवळ एक रेकॉर्डिंग आहे म्हणे. तिनं त्याच दिवशी कोहमाऱ्याच्या बहिणीले पाठवलं होतं, माझी कशी बेइज्जती झाली पाह्य म्हणून. दुधरामभाऊनं इथलं काढलं, तिथलं नाई निघालं. बहिणीनं परत पाठवलं."

सुमित्राबाई टोळीत दुसऱ्या नंबरची. सुशीलाबाईशी तिचे दहा वर्षांपासून बोलणे होते, पण फक्त भांडायला. मनिराम तिच्या घरी गेला तेव्हा चार वाजले होते.

"या भाऊजी. माफी मांगाले आले का?"

"हो. अन् ऐकाले."

सुमित्राबाईने त्याच्याकडे पाहिले. मग आत जाऊन चहा केला, कप त्याच्यासमोर ठेवला आणि फोन मध्ये ठेवला. "ऐका, तुमची बाई मले का म्हणे ते."

सुशीलाबाई मंगलीशी बोलत होती. "सुमित्रा रोवते का बांधीले खरूज आणते वो? दोन चुड्यांच्या मंधात बैलगाडी जाईल. तोंडात तंबाखूचा खर्रा, अन् हात कुठं, नजर कुठं. तिले मी कडेले ठेवतो, मंधात ठेवलं का सारी ओळ वाकडी... थांब वो, थांब. आइकता का जी! चहा ठेवला आहे!"

दुरून एका पुरुषाचा आवाज आला. वैतागलेला. "येऊन राहिलो ना! कायले बोंबलून राहिलीस?"

"पाह्य," सुशीलाबाई मंगलीला म्हणाली, "दोन हाका देल्याबिगर उठतच नाई. मी मेल्यावर थंडाच पेईल हा माणूस." आणि ती हसली. मग ते संपले.

मनिरामला वाटत आले होते, की आपण तिच्याशी नेहमी नीटच बोललो.

"पुन्हा लावा," तो म्हणाला.

सुमित्राबाईने लावले. बांधीला खरूज आली, बैलगाडी गेली, खर्रा झाला, ओळ वाकडी झाली, आणि मग हाक आली.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा सुमित्राबाई पदराने तोंड झाकून बसली. रडत होती की हसत होती ते कळत नव्हते. चौथ्यांदा त्याने म्हणायच्या आधीच तिने फोन उचलला.

"भाऊजी, चुडे लांब पडत होते हे खरं आहे. माझे डोळे गेले आहेत. म्हून तिनं मले कडेले ठेवलं, टोळीतून काढलं नाई. ते मले आता समजलं." तिने नाक पुसले. "पाठवून देऊ का तुमच्या फोनवर? किटलीवाल्या नंबरवर?"

मनिरामने विचार केला. "नको. तुमच्याजवळच राहू द्या. माझ्या हातून पुन्हा कुठं जाईल, भरवसा नाई."

"मंग?"

"उद्या येईन. चारले."

"या. पण दोनदाच ऐकवीन. मलेबी काही इज्जत आहे." मग तिची नजर त्याच्यासमोरच्या कपाकडे गेली. "अरे बाप्पा, तसाच ठेवला. गरम करून देऊ का?"

"नको," मनिराम म्हणाला.

त्याने कप उचलला. चहा थंड झाला होता. त्याने तो तसाच प्यायला.