पुढचं पान गणपतकडे

आमच्या शेजारचे रघुनाथकाका वर्तमानपत्र उलटं धरून वाचत. चाळीस वर्षं ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला होते आणि खिळ्यांवरची अक्षरं उलटीच असतात. सुलटा पेपर म्हणे अंगावर आल्यासारखा वाटतो.

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. आम्ही घाटकोपरच्या चाळीत नवे होतो. चार माणसांत माझं तोंड उघडत नसे, पण काकांशी मी बोलायची. त्यांची शाळा दुसरीत सुटलेली, माझी चौथीनंतर.

काकांनी कायद्याची, वैद्यकीची जाडजूड पुस्तकं छपाईला जुळवलेली. त्यामुळे चाळ त्यांचा सल्ला घेई. मीही गेले.

"काका, खोकला जात नाही."

"अडुळशाचा रस काढ. त्यात मध घाल. घेऊन उताणी नीज, आणि..."

"आणि काय?"

"पुढचं पान गणपतकडे होतं गं!"

गणपत म्हणजे त्यांच्या शेजारी बसून खिळे जुळवणारा, तो कधीच वारला होता. मी आपली उताणी पडून राहिले.

आमचे हे म्हणत, "शिकलेल्याचं डोकं म्हातारपणी शाबूत राहतं. बाकीच्यांचं गंजतं." मला आतून भीती वाटे. नोकरी सुटल्यावर काका खरंच विसरू लागले. जेवून हात धुतले की पुन्हा पाट मांडत. मग माणसांची नावं गेली. मला "ए चौथी पास" म्हणून हाक मारत.

त्यांची मुलगी सुमन बोरिवलीहून दर रविवारी येई. एकदा जिन्यातच मला म्हणाली, "आज अप्पांनी माझं नाव घेतलं नाही, तर यायचीच नाही मी. सोसत नाही गं."

समोर बसून तिने विचारलं, "अप्पा, मी कोण?"

काका बघत राहिले. "तू... आपल्यातलीच."

सुमनचे डोळे भरले. तेवढ्यात काकांनी डावी मूठ छातीशी धरली. उजवा हात हवेत वर गेला, डावीकडे वळला, खाली आला. चिमटीत काहीतरी उचलून ते मुठीत ठेवत होते. मला वाटलं, डास मारतायत. पण सुमन लहानपणी रोज छापखान्यात डबा घेऊन जाई. खिळ्यांच्या पेटीत कुठल्या खणात कुठलं अक्षर, तिला पाठ होतं. तिची नजर त्या बोटांवरून हलेना.

"माझं नाव जुळवतायत," ती पुटपुटली.

काकांनी मूठ तिच्यापुढे केली.

"अगं, धर ना हात," मी म्हटलं.

"थांब," सुमन म्हणाली. "अक्षरं सांडतील."