इंगोले साहेबांचा थर्मास आणि एकविसावं तास

सचोटी हा समाजाच्या चारित्र्याचा पाया असतो, असं मोठमोठ्या माणसांनी मोठमोठ्या सभागृहांत सांगितलेलं मी ऐकलं आहे. आमच्या शेजारच्या इंगोले साहेबांच्या बाबतीत हा पाया स्टीलचा आहे, अर्ध्या लिटरचा आहे, आणि त्याचं झाकण थोडं गळतं.

इंगोले साहेब आमच्याकडे चहाला येतात तेव्हा चहा घेऊन येतात. थर्मास टीपॉयवर ठेवतात, झाकणात चहा ओततात आणि आमच्याच सोफ्यावर बसून स्वतःचा चहा पितात. सहा वर्षं झाली. सुरुवातीला, साहेब नोकरीत होते तोवर, माझी बायको दर वेळी विचारायची. ते दर वेळी हात जोडायचे. "वहिनी, राग मानू नका. आपली भिंत सामायिक हाय. उद्या वाद झाला तं लोक म्हनतीन, इंगोलेनं चहा पेला होता." भिंतीचा वाद नव्हता. अजूनही नाही. पण बायकोचा आणि साहेबांचा झाला. तिनं विचारणंच सोडून दिलं.

साहेब भूकरमापक होते. म्हणजे शेतं मोजून हद्द दाखवणारे. सगळी नोकरी दारव्ह्याकडच्या शिवारांत गेली. मोजणीच्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, दोन पार्ट्या उभ्या असतात. आमच्या जिल्ह्यात सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात ते सहसा धुऱ्यापाशीच. एका पार्टीचा चहा घेतला की दुसरी म्हणते, मोजणीवाला फुटला. म्हणून साहेबांनी एकतीस वर्षं एक नियम पाळला: "चहा दोन्हीकडचा, नाई तं कोनाचाच नाई." दोन्हीकडचा चहा एकाच वेळी कधी येत नाही. त्यामुळे व्यवहारात नियमाचा उत्तरार्धच चालला.

मुलगी अमरावतीला असते. तिच्याकडे तरी चहा घेता का, असं मी एकदा विचारलं.

"मुलीच्या घरी घेतो," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "अर्धा कप."

या मुलीनंच त्यांना एक टॅबलेट पाठवला. हेतू असा की एकट्या बापाचं तोंड रोज पाहता यावं. साहेबांनी त्यावर 'हिरवं शिवार' नावाचा खेळ शोधून काढला, आणि मुलीला त्यानंतर बापाचं कपाळच तेवढं दिसू लागलं. या खेळात प्रत्येकाला ऑनलाइन शेत मिळतं. शेतं जोडीजोडीनं असतात, एक डाव्या हाताचं, एक उजव्या. मध्ये धुरा. धुऱ्यापलीकडे खराखुरा माणूस, कुठल्या तरी गावात मोबाइल घेऊन बसलेला. साहेब डाव्या हाताचे. उजव्या हाताचा खेळाडू 'डबल बेल' या नावानं खेळायचा. एकमेकांच्या पिकाला पाणी देता येतं. साहेब रोज सकाळी सहाला डबल बेलच्या कपाशीला पाणी देत, आणि दुपारी कधी तरी डबल बेल त्यांच्या कपाशीला. एक शब्द न बोलता हा शेजार चालला. साहेबांच्या आयुष्यातला तो बहुधा सर्वांत सुरळीत धुरा असावा.

आणि मग साहेबांनी तो मोजला.

लोक दुसऱ्याच्या घरी गेले की फोटो पाहतात, पुस्तकं पाहतात. साहेब खोली पावलांनी मोजतात. खेळातलं शेतही त्यांनी पडद्यावरच्या छोट्या शेतकऱ्याला चालवून चालवून मोजलं आणि वहीत नकाशा काढला. कपाशीच्या एका ओळीला आमच्याकडे तास म्हणतात. नियमाप्रमाणे प्रत्येक शेतात वीस तासं. साहेबांना धुरा एका तासानं सरकलेला सापडला. त्यांनी कंपनीकडे तक्रार केली, नकाशासह. उत्तर आलं: "तुमचा आनंद तोच आमचा आनंद!" पुढे कणसाचं चित्र. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा आनंद आला. वर्षभरात त्यांच्याकडे आनंदाची एक फाइल तयार झाली.

"सर, धुरा चुकला हाय," ते मला दर आठ दिवसांनी सांगायचे. "नकाशावर या म्हनतो मी कंपनीले. येतच नाई."

"खेळच तर आहे साहेब. सोडून द्या एक ओळ."

मी जन्मभर ज्या ग्रंथालयात नोकरी केली ते जाळून टाका, असं कोणी सुचवलं तर मी जसा पाहीन, तसे ते माझ्याकडे पाहायचे.

मग कंपनीनं खेळाडूंचा मेळावा जाहीर केला. तो नागपूरला व्हायचा होता, पण त्या तारखेला तिथले सगळे हॉल लग्नांनी घेतले होते, म्हणून यवतमाळला आला. निमंत्रणात लिहिलं होतं: "आपल्या शेजाऱ्याला सोबत आणा आणि धमाल करा!"

साहेब टॅबलेट घेऊन धावत आले. थर्माससुद्धा विसरले, यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं.

"पाहा सर! लगतच्या खातेदाराले हजर ठेवा म्हनते. मोजनी लावली कंपनीनं!"

"साहेब, ते गंमत म्हणून लिहिलंय."

"नोटिशीत गंमत नसते."

त्यांनी डबल बेलला खेळातल्या संदेशातून रीतसर नोटीस बजावली: आपण लगतचे खातेदार असल्याने सकाळी अकरा वाजता हजर राहावे, गैरहजर राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजून मोजणी पूर्ण करण्यात येईल. एका संदेशात थोडीच अक्षरं मावतात, त्यामुळे नोटीस अकरा तुकड्यांत गेली. संध्याकाळी उत्तर आलं: "रजा टाकली. येतो म्हना. पन मी केलं काय जी?"

पंच म्हणून त्यांनी मला निवडलं. "तुमी शिकलेले हा. अन् तुमाले शेती नाई. म्हंजे कोनाची बाजू घ्याची हेच तुमाले समजत नाई." एवढ्या थोड्या शब्दांत माझी पात्रता आजवर कोणी सांगितली नव्हती.

मेळावा लोहाऱ्याकडच्या एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशीच्या लग्नातली थर्माकोलची 'शुभविवाह' ही अक्षरं काढायची राहिली होती आणि त्याखाली कंपनीचा फलक होता. व्यासपीठावर पांढरा धूर सोडत होते. एक माणूस बैलाचा पोशाख घालून लोकांना मिठ्या मारत होता. निवेदिका ओरडत होती, "यवतमाळ, आवाज येऊ द्या!" यवतमाळ त्या वेळी आलूबोंडे खात होतं, त्यामुळे आवाज आला नाही. संस्थापक पुण्याचे, तिशीचे, पांढऱ्या बुटांचे. आपण लहानपणी शेत पाहिलं आहे, असं त्यांनी भाषणात दोनदा सांगितलं.

दारातच एक ठणठणीत बाई आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "इंगोले भूकरमापक कोन? नोटीसवाले?"

"मी."

"मी डबल बेल. सुनीता राठोड. दिग्रसची. एसटीत कंडक्टर हाय." मग साहेबांना वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "मले वाटलं कोनी कॉलेजातलं पोट्टं असन, मस्करी करून राह्यलं असन. तुमी तं खरेच निघाले! चला, पहिले चहा घेऊ."

"मोजनी झाल्याशिवाय नाई," साहेब म्हणाले आणि थर्मास छातीशी धरला.

"काहून जी? इख टाकीन काय मी चहात? वर्षभर माह्या कपाशीले पानी देल्लं तुमी!"

"पानी येगळं. चहा येगळा."

"असे पॅसेंजर पाह्यले मी," सुनीताताई मला म्हणाल्या. "तिकीट घेते, पन सीटवर बसत नाई."

मग तो क्षण आला. विदर्भातल्या सर्वोत्तम खेळाडूला 'सुवर्ण नांगर' मिळणार होता. मोठ्या पडद्यावर नावं आली. दुसरा क्रमांक, डबल बेल. पहिला क्रमांक, इंगोले. दोघांत फरक अगदी थोडा. धूर सुटला, बैल नाचला, संस्थापक सोनेरी नांगर घेऊन पुढे आले.

साहेब व्यासपीठावर चढले ते फाइल घेऊन. नांगर त्यांनी हातानंच बाजूला केला.

"आधी सुनावनी. मग सत्कार."

निवेदिकेनं गंमत समजून माइक दिला. तिची ही चूक त्या दिवसातली सर्वांत चांगली घटना ठरली.

"लगतचे खातेदार हजर हाय. पंच हजर हाय," साहेब वाचू लागले. माझ्याकडे माना वळल्या. मी आलूबोंडा खाली ठेवला. "नकाशाप्रमानं दोन्ही शेतात वीस-वीस तासं पाह्यजे. मोजनीत माह्या शेतात एकवीस भरली. धुऱ्यापलीकडं एकोनीस. म्हंजे या बाईचं एक तास मी वर्षभर खाऊन राह्यलो. पयला नंबर त्या तासाचा हाय, माहा नाई. कंपनीले लिहिलं, तं कंपनी म्हनते तुमचा आनंद तोच आमचा आनंद. मले आनंद होऊन नाई राह्यला."

मी हादरलो. वर्षभर मी समजत होतो की यांचं तास कोणी तरी खाल्लं आहे. मीच नाही, त्यांचा धुरा ऐकून घेणारा सगळा मोहल्ला तसंच समजत होता. धुऱ्याची तक्रार करणारा माणूस आपली जमीन द्यायला आला आहे, असं आमच्या जिल्ह्यात कोणाच्या डोक्यातही येत नाही.

संस्थापक हसून म्हणाले, "काका, आपण हे नंतर बघू." पण कोपऱ्यात संगणक घेऊन बसलेली, खेळ बनवणाऱ्यांपैकी ऋचा नावाची मुलगी उठली होती. तिनं साहेबांची वही मागितली. नकाशा पाहिला. संगणकावर काही तरी उघडलं. सभागृहानं खाणं थांबवलं. बैलानंसुद्धा डोकं काढून हातात घेतलं.

"काकांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "वीस ओळींच्या कडा आखायला एकवीस खुंट्या लागतात. आम्ही खुंट्या मोजून तेवढ्या ओळी दिल्या. डाव्या हाताच्या सगळ्यांना एकवीस गेल्या, उजव्या हाताच्या सगळ्यांना उरलेल्या एकोणीस. सगळ्याच शेतांत." तिचा चेहरा पडला होता.

साहेबांनी माइक बाजूला केला, पण आवाज सगळ्यांना आला. "लाजू नोको बाई. नवा मानूस खुंट्याच मोजते. मी बी पयल्या वर्षी मोजल्या होत्या."

त्यानंतर जे झालं त्याला मेळावा म्हणणं कठीण आहे. ती मोजणी होती. अर्धं सभागृह उजव्या हाताचं निघालं आणि ते खुर्च्यांवर उभं राहिलं. "एक वर्षाचं पीक वापस द्या!" उरलेलं अर्धं डाव्या हाताचं. "ओ काका, तुमचं द्याचं तं द्या, आमचं कायले देता?" दोन मित्र हातात हात घालून आले होते, ते वेगवेगळ्या रांगांत जाऊन बसले. निवेदिकेला यवतमाळचा आवाज अखेर मिळाला. तो तिला झेपला नाही.

संस्थापकांनी पांढऱ्या बुटांकडे पाहिलं, ऋचाकडे पाहिलं, सभागृहाकडे पाहिलं आणि जाहीर केलं: धुरा आजच दुरुस्त होईल, मागचं पीक उजव्या हाताच्यांना परत मिळेल. ऋचानं तिथंच आकडे फिरवले. पडद्यावरची दोन नावं जागा बदलून बसली. पहिला क्रमांक, डबल बेल. दुसरा, इंगोले.

उजव्या हाताच्या मंडळींनी साहेबांना खुर्चीसकट उचललं. 'शुभविवाह'च्या खालून त्यांना दोन फेऱ्या मारून आणलं. एकतीस वर्षांत असंख्य धुरे मोजलेल्या या माणसाला दर वेळी निदान एका पार्टीनं शिव्या दिल्या होत्या. आज अर्धं सभागृह त्यांचं नाव घेत होतं. साहेब एका हातानं फाइल आणि दुसऱ्या हातानं थर्मास सांभाळत वरून सांगत होते, "सावकाश, सावकाश. पंचाची सही बाकी हाय."

मी सही केली. सुनीताताईंनी नांगर घेतला, तो प्लॅस्टिकचा निघाला. त्या तो काखेत मारून, दोन कागदी कप घेऊन आमच्याकडे आल्या.

"आता झाली ना मोजनी? की अजून काई अपील-बिपील हाय?"

साहेब कपाकडे पाहत राहिले. त्यांनी थर्मास खाली ठेवला आणि मला हळूच विचारलं, "सर, आता कोनाचा वाद नाई ना?"

"नाही साहेब."

"पयले लोक लय इचारत. सारे इचारत," ते कपाकडे पाहतच म्हणाले. "मी नाई म्हनत गेलो. मंग लोकायनं इचारनंच सोडलं. रिटायर झाल्यावर मोजनी नव्हती, पन कोनी इचारलं बी नाई. कोनाच्या घरी जाऊन बसाव, हेच समजत नव्हतं."

माझ्या घरात गेली सहा वर्षं काय चाललं होतं, हे मला मंगल कार्यालयात, बैलाच्या पोशाखातल्या माणसाशेजारी उभं असताना कळलं.

"तुमी दिग्रसले या," सुनीताताई म्हणाल्या. "डेपोत कोनालेबी इचारा. अन् घ्या आता, थंडा होऊन राह्यला."

साहेबांनी चहा घेतला. अख्खा कप. मग दुसरा.

थर्मास त्या दिवशी पहिल्यांदा भरलेला परत आला. घरी आल्यावर साहेब आमच्याकडे बसले आणि बायकोनं, मी डोळ्यांनी खुणावल्यावर, कित्येक वर्षांनी पुन्हा एकदा विचारलं. ते "हाव" म्हणाले. ती आत जाऊन बराच वेळ आलं किसत राहिली. इकडे मी थर्मासचं झाकण उघडलं. ज्या चहासाठी आमचा चहा इतकी वर्षं नाकारला गेला, तो कसा असतो हे मला पाहायचं होतं.

त्यात साखर नव्हती. दूध नव्हतं. चहाही जवळजवळ नव्हता.