गंज चढला

असे दूर काऊन उभे? या, इकडं जवळ सरका. इतक्या दिवसांत फिरकला नाहीत, आता निमूट बसा आणि आमच्या पुंडलिकरावांचं ऐका.

हा माणूस पाहुण्याला पाणी विचारत नाही. आधी विचारतो, "गंज किती चढला जी?" हवेनं लोखंड गंजतं तसा माणूस आतून गंजतो, हे त्यांचं शास्त्र. त्यावर आवळ्याचा अर्क, तरोट्याचा अर्क, पाहाल तेव्हा काही ना काही उकळतंच आहे. वडनेरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे; आता सावंगीच्या रस्त्याला, माझ्या भिंतीला भिंत लावून एकटे राहतात. घरभर बश्या. बशीत बटाट्याच्या पाण्यात थिजवलेली चायना ग्रासची जेली, तिच्यावर जंतू वाढवायचे आणि मधोमध पानाच्या रसाचा थेंब. थेंबाभोवती जंतू मेले की स्वच्छ गोल उमटतो. मग हे भिंतीवरून ओरडणार, "वहिनी, करंज जिंकला!" एकदा मी गोड समजून चमचा घातला, तर किंचाळले, "थुका! माह्या नखातले जंतू हायेत ते!"

आता आमच्याकडं गंज म्हणजे स्वयंपाकाचं उंच भांडंही. मागल्या महिन्यात एका सकाळी पलीकडून बारीक आवाज आला, "वहिनी, गंज चढला जी."

मला वाटलं, काढ्याचं भांडं गॅसवर चढवलं. म्हटलं, "चढला तर उकळू द्या!" आणि भाकरी थापत बसले.

भाकरी झाल्या तरी पाल्याचा वास येईना. रोज डोकं उठवतो तो वास. मी तवा खाली उतरवला.

गेले तर हे जमिनीवर, अंगात फणफणता ताप. बाभळीची साल काढताना बोटात काटा मोडलेला. बोट वांग्यासारखं सुजलेलं, लाल रेघ मनगट ओलांडून कोपराकडं निघालेली. पुढ्यात बश्या.

"पू लावला हाय त्याईले. कोनता रस मारते ते उद्या दिसन. मंग जाऊ दवाखान्यात."

"उद्यालोक रेघ खांद्यावर जाईन! उठा!"

"नाई."

"बशीतले जंतू मरते म्हणून अंगातले मरत नाई, तुमीच सांगता ना? माही सून खोकल्यासाठी रस मागाले आली, तर तिले दवाखान्यात हाकललं तुमी!"

हे आपले बश्या सरळ करतायत.

"भाऊजी, काऊन सोताच्याच जिवावर उठले?"

तेव्हा मान खाली घालून म्हणाले, "तिथं पयले विचारतात जी. संगं कोन हाय?"

मी पिठाचे हात पदराला पुसले आणि ऑटो थांबवला.

दवाखान्याच्या खिडकीतल्या पोरीनं विचारलंच. मी मोठ्यांदा म्हटलं, "मी हावो ना! सख्खी बहीण."

"आडनाव तर वेगळं हाय आजी."

"मंग माह्यं लगन झालं नाई का?"

पुंडलिकराव भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

हात वाचला. आता कुणीही आलं की सुया, सलाइन, सगळं रंगवून सांगतात आणि शेवटी म्हणतात, "संगं बहीन होती."

आता आलाच आहात तर भिंतीपलीकडं जाऊन या. चहा माझ्याकडं घ्या, पण आधी त्यांच्याकडं बसा. हीच गोष्ट सांगतील. पहिल्यांदाच ऐकता असं ऐकजा.