सासूबाईंचा वेटसूट

भूगोलाच्या सरांनी हॉटेलच्या पलंगावर चार काळे रबरी वेटसूट ओळीने मांडले, तेव्हा त्यांची बायको दारातच थबकली.

"चार माणसं झोपवल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली.

"थट्टा पुरे. मागच्या वर्षी आपण समुद्राच्या गार पाण्यात किती वेळ टिकलो? सात मिनिटं. मग चार दिवस खोलीत बसून पत्ते. ह्यात अंग गरम राहतं, ऊन लागत नाही, खडकाला घासून खरचटत नाही. शिवाय माणूस तरंगतो."

"माझा परत करा," सरांच्या सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "गुडघे धरलेत माझे. मी वाळूत खुर्ची टाकून बसेन."

सरांनी प्रात्यक्षिक सुरू केलं. वीस मिनिटांनी ते घामाघूम होऊन जेमतेम मांड्यांपर्यंत पोचले. शेवटी लेकीने आणि बायकोने दोन्हीकडून धरून, हिसके देत त्यांना सूटमध्ये कोंबलं. चेन पोटावर आली होती.

"अहो, ती पाठीवर यायला हवी," बायको खोक्यावरचं चित्र बघत म्हणाली.

सर सोलले गेले आणि पुन्हा कोंबले गेले.

किनाऱ्यावर वारा झोंबत होता. पाण्यात गेलेले लोक दात वाजवत परत पळत होते. खुर्चीत बसून सासूबाईही कुडकुडायला लागल्या, आणि नुसत्या उबेपुरता म्हणून सूट घालायला तयार झाल्या. सरांची बायको आणि लेक त्यांना कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेल्या. येताना त्या रोजच्या आधाराची काठी काखेत मारून आल्या.

"गुडघे कसे छान आवळून धरलेत ह्यानं," त्या म्हणाल्या. "जरा पाय भिजवून येते."

पाय भिजले, मग कंबर, आणि पुढच्या लाटेबरोबर सासूबाई आत निघाल्या.

"आई, थांबा," म्हणत सर धावले. आपल्याला पोहता येत नाही हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या घाईत त्यांनाही ते आठवलं नाही. सूटने त्यांना बुडू दिलं नाही, पण पाय वर आणि तोंड पाण्यात असं तरंगवलं. नाकातोंडात पाणी गेलं. इतक्यात पाठीवरच्या चेनची लांब पट्टी कोणीतरी धरली आणि त्यांना उताणं केलं.

"हातपाय झाडू नका, जावईबापू. नुसते पडून राहा," सासूबाई म्हणाल्या, आणि एका हाताने पाणी कापत त्यांना ओढू लागल्या.

"तुम्हाला पोहता येतं?"

"लग्नाआधी तळं आरपार करायचे. नंतर कोणी विचारलंच नाही."

काठावर जीवरक्षक धावत आला. "कोण बुडत होतं?"

"कोणी नाही. आमचे जावई भूगोल शिकवतात. पाण्याची खोली बघत होते," असं सांगून त्या परत पाण्यात शिरल्या. दीड तास बाहेर आल्या नाहीत. टॉवेलात गुंडाळलेले निळे पडलेले लोक त्यांच्याकडे बघत राहिले. निघेपर्यंत पाच कुटुंबांनी सूट कुठे मिळतात ते विचारून घेतलं.

जेवताना सासूबाईंनी दुसऱ्यांदा सूप मागवलं आणि सगळ्यांवरून नजर फिरवली.

"उद्या सकाळी सात वाजता पाण्यात. आधी श्वास सोडायला शिकवेन. कोणाला काही शंका?"

बावीस वर्षं वर्ग घेतलेल्या सरांनी हळूच हात वर केला.