गुरुजींची आडवी तार

शेजारचे प्रल्हाद गुरुजी माझ्या बायकोच्या हातचा चहा रोज पितात, कप खाली ठेवतात आणि निकाल जाहीर करतात, "चार-सहा."

दुसरा कुणी 'छान झाला' म्हणून मोकळा होईल. पण गुरुजी हौशी रेडिओवाले. म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, घरातल्या यंत्रावरून लांबच्या माणसांशी बोलणारे. या मंडळींत समोरच्याचा आवाज कसा येतो ते दोन आकड्यांत सांगतात. पहिला आकडा स्पष्टपणाचा, पाचपैकी. दुसरा जोराचा, नऊपैकी. पाच-नऊ म्हणजे समोर बसून बोलल्यासारखं. बाकीचे लोक हे आकडे रेडिओपुरते ठेवतात, गुरुजींनी आमचं अख्खं मोताळा गाव त्यात बसवलं. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, पिठलं चार-सात. पुढाऱ्याचं भाषण एक-नऊ. माझ्या मुलीच्या लग्नातली मंगलाष्टकं दोन-आठ, आणि हे त्यांनी भटजींना तिथेच, अक्षता हातात असताना सांगितलं.

पाच-नऊ मात्र त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते तेव्हाही पूर्ण मार्क देणं त्यांच्या जिवावर यायचं. "पुरे मार्क देले का पोट्टं बिघडते," हे त्यांचं शिक्षणशास्त्र. माफीच्या बाबतीतही हात असाच आखडता. सख्ख्या धाकट्या भावाशी वाटणीतल्या विहिरीवरून अबोला धरला तो धरलाच. पुतणीच्या लग्नात दोघे भाऊ मांडवाच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून जेवले. वाढप्यांची फार तारांबळ उडाली.

आमच्या वास्तुशांतीला गुरुजी आले तेव्हा फरशी, देवघर, माडी, काहीही त्यांनी पाहिलं नाही. मागच्या दारी जाऊन त्यांनी आमचा शेवगा आणि त्यांची भिंत यांच्यातलं अंतर टेपानं मोजलं. "बराबर वीस मीटर! सुधाकर, घर मस्त बांधलं बे." मी घर माझ्यासाठी बांधलं असा माझा तोवर समज होता.

दोनच दिवसांत त्या जागेत तार आली. "अँटेना म्हंजे काय बे? मधात कापलेली तार," असं म्हणून त्यांनी तांब्याची तार मध्ये कापली, पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर दोन्ही तुकडे बांधले, तिथून एक केबल खिडकीतून आत नेली आणि टोकं एकीकडे त्यांच्या भिंतीतल्या खांबाला, दुसरीकडे आमच्या शेवग्याला. झाली अँटेना. तीही इतकी खाली की उंच माणसानं हात वर केला तर लागावा. माझ्या बायकोला ती कपडे वाळवायची तार वाटली, यात तिची काही चूक नाही. तिनं गोधडी टाकली आणि गुरुजी अनवाणी धावत आले.

"वैनी, गोधडी काढा! सुलतानपूर बंद पडलं!"

कारण रोज सकाळी सातला गुरुजींचं सुलतानपूर स्टेशनशी बोलणं असे. नांदुऱ्याचे पाटील, तेही असेच हौशी रेडिओवाले, जपानशी बोलतात, ब्राझीलशी बोलतात. आमचे गुरुजी परीक्षा, परवाना, यंत्र आणि माझा शेवगा एवढं सगळं वापरून पोहोचले कुठं, तर लोणार तालुक्यात. तिथं एसटी जाते. मोबाइल लागतो. आणि बोलणं तरी काय? मी भिंतीपलीकडून ऐकलेलं.

"इथं ढग हायेत. ओव्हर."

"इथंबी ढग. ओव्हर."

देशाच्या सुरक्षेला यापासून काहीच धोका नव्हता. पण हे झालं की गुरुजी प्रसन्न. सुलतानपूर लागलं नाही तर त्या दिवशी नाष्टा बंद, काकूंवर चिडचिड, आणि आमचा चहा थेट दोन-तीनवर. बोलताना कुणी 'ओव्हर', म्हणजे 'माझं संपलं, आता तुम्ही बोला', म्हणायचं विसरलं तर गुरुजी तिथेच शाळा घेत. एवढं एकच स्टेशन, तरी त्याचीही सुटका नव्हती.

मग वानरांची टोळी आली. एक हुप्प्या शेवग्यावरून तारेवर उतरला, त्यानं जरा झोका घेतला आणि तार तुटली. गुरुजी तुटकं टोक हातात घेऊन अंगणात बसून राहिले. मला वाईट वाटलं. आता माझा स्वभाव असा की वाईट वाटलं की मी काहीतरी करतो, आणि त्यातून बहुधा दुसऱ्यालाच त्रास होतो. मी पाटलांना फोन लावला.

पाटील गाडीच्या टपावर ॲल्युमिनियमच्या नळ्या बांधून आले. "गुरुजी, ही खालची आडवी तार सोडा आता. उभी अँटेना लावू. जग ऐका जग!"

"उभी नको," गुरुजी म्हणाले.

"तुमी बसा गुरुजी," आम्ही दोघे म्हणालो आणि गच्चीवर उभी नळी चढवली. संध्याकाळी इंडोनेशियाचा कुणी गृहस्थ बोलला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी पेढे आणले. गुरुजींनी त्या गृहस्थाला कसंबसं तीन-पाच दिलं आणि यंत्र बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज येत राहिला. "सुलतानपूर, सुलतानपूर, हे मोताळा. ओव्हर." उत्तर नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. मी गेलो तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

"इंडोनेशिया लागते आन् सुलतानपूर काऊन लागत नाही?" मी विचारलं.

"उभी तार आवाज दूर फेकते. जवळचं तिले दिसतच नाही," गुरुजी म्हणाले. "खालची आडवी तार आवाज वर आभायात फेकते, अन् तो जवळपासच पडते. मले जग नको होतं बे." एवढं बोलून ते आत गेले.

काकू ओट्यावर तूर निवडत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी हायेत तिथं. महादेव भाऊजी."

"अबोल्यावाले?"

"हाव. जाऊबाई गेल्या तवापासून एकटेच रायतात. फोन लावला का विहीर निंगते अन् भांडन सुरू होते. रेडिओवर घरचे वाद बोलाची मनाई हाय ना. दोघंबी नियमाचे पक्के. मंग निस्ते ढग, पाऊस, आवाज कसा येते. तेवढ्यात कयते, मानूस बरा हाय म्हून."

मी सात समुद्रांपलीकडचं ऐकवायला निघालो होतो आणि एका म्हाताऱ्याचा भाऊ बंद करून बसलो होतो. स्वतःचा मनापासून राग आला. पाटलांना न विचारता मी ती नळी उतरवली, तार जोडली आणि शेवग्याला बांधली. होती तेवढीच खाली.

सकाळी सातला गुरुजींनी मला शेजारी बसवलं. त्यांनी माइक उचलला.

"सुलतानपूर, हे मोताळा. आवाज येऊन राह्यला का? ओव्हर."

नुसती खरखर. पुन्हा हाक. पुन्हा खरखर. मग त्यातून तुटक तुटक एक आवाज आला. "...स्टेशन... काऊन बंद होतं... ओव्हर."

"वानरानं तार तोडली होती. ओव्हर."

गुरुजींनी कान यंत्राला लावला. मग, "मले वाटलं..." खरखर. "...वाटलं का तुमी... ओव्हर."

गुरुजींनी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. दारात काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"सुलतानपूर," गुरुजी शेवटी म्हणाले, "तुमचा आवाज पाच-नऊ. बराबर पाच-नऊ. ओव्हर."

मला त्या खरखरीत अर्धे शब्दही कळले नव्हते.

"तुमचाबी," पलीकडून आलं. ओव्हर म्हणायचं राहूनच गेलं. गुरुजींनी त्याबद्दल शाळा घेतली नाही.